भोपळा, कांडी, वादी : मिरज ते कोल्हापूर, पाच दिवस

दिवस पहिला : मिरज

आमच्या घरातला तंबोरा आजीने मिरजेहून आणला होता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या भोपळ्याला उभी चीर गेली, आणि पुण्यात ज्यांना ज्यांना दाखवला त्या सर्वांनी तो मिरजेलाच न्यावा असे सांगितले. म्हणून माघ महिन्यात तंबोरा गोधडीत गुंडाळून मी रेल्वेने मिरजेस आलो. दुरुस्तीला चार-पाच दिवस लागणार होते. तेवढ्या वेळात सांगली, हरिपूर, इचलकरंजी, हुपरी आणि कोल्हापूर ही गावे पाहून परतावे, असे मी निघतानाच ठरवले होते. एकमेकांपासून एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या या गावांपैकी प्रत्येकाने एकेक धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. तो त्यांनी कसा सांभाळला आणि तसे करताना काय सोडून दिले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

सतारमेकर गल्ली स्टेशनपासून लांब नाही. दुकाने अरुंद आहेत. छताला भोपळे टांगलेले असतात, भिंतीशी अर्धवट दांड्या उभ्या असतात आणि लाकडाच्या भुशाचा व चपड्याच्या पॉलिशचा मिळून एक वास रस्त्यापर्यंत येतो. ज्या दुकानात मी शिरलो, तेथील वयोवृद्ध कारागिरांना सगळी गल्ली चाचा म्हणत होती, म्हणून मीही चाचाच म्हटले. त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला, भोपळ्यावर टिचकी मारून कान लावला आणि म्हणाले, "भोपळा बदलायचा नाही. वाळून वाळून हाडासारखा झालाय हा. असला आता मिळायचा नाही. चीर आतनं बांधून देतो."

मग भोपळ्याविषयीच बोलणे निघाले. हा भोपळा कडू असतो, खाण्याच्या उपयोगाचा नसतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो खास वाद्यांसाठी पिकवतात. जमिनीला टेकून त्याचा एक अंग चपटा होऊ नये म्हणून वेलावर असतानाच त्याची बैठक जपावी लागते. नंतर तो महिनोन्‌महिने वाळवायचा, भिजवून कापायचा आणि पुन्हा वाळवायचा. अवकाळी पाऊस आला की त्याला डाग पडतात, साल कुजते आणि वर्षभराचा माल बसतो. सतार मिरजेची असली तरी तिचा आवाज भीमाकाठच्या एका शेतकऱ्याच्या वेलावर अवलंबून आहे, ही गोष्ट मैफलीत बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. उद्या त्या शेतकऱ्याला ऊस अधिक परवडला, तर या गल्लीत काय होईल, असे मी विचारले. चाचांनी कानस खाली ठेवली. "तेच तर. आम्ही दांडी करू, वरची लाकडी तबली करू. भोपळा काय कारखान्यात होतो?"

या गल्लीचा इतिहास बदलत्या काळातूनच सुरू झालेला आहे. येथील सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी-भाल्यांना धार लावणे, शस्त्रे घडवणे आणि दुरुस्त करणे हे त्यांचे काम होते. संस्थानांच्या फौजा आटल्या आणि शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब या कारागिराने मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाने तंबोरा व सतार घडवण्यास सुरुवात केली. ज्या हाताला पोलादाची धार कळत होती, त्याच हाताला तारेखालची घोडी घासणे जमले. पुढे किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि वाद्य घडवणाऱ्यास ते वाजवून दोष दाखवणारा गुणी माणूस शेजारीच मिळाला. खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांची कबर येथील ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात आजही तेथे गायक-वादक हजेरी लावतात.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाले. गल्लीला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण चाचांच्या दुकानाचा रोजचा खर्च निघतो तो प्रामुख्याने दुरुस्तीवर. मोबाइलमध्ये तंबोरा आल्यापासून शिकणारी मुले वाद्य विकत घेण्याची घाई करत नाहीत. त्यावर उपाय म्हणून या लोकांनी विमानात नेता येईल असा लहान, चपट्या पाठीचा तंबोरा काढला आणि तो परदेशातही जातो. तरीही नक्षीकाम करणाऱ्या मुलाला कुपवाडच्या एमआयडीसीत महिन्याच्या महिन्याला बांधील पगार मिळतो, आणि येथे मात्र काम झाले की पैसे. चाचांचा धाकटा मुलगा तिकडेच जातो, सुटीच्या दिवशी येऊन खुंट्या कातून देतो. मी याला धंदा सोडणे म्हणणार नाही. घरात एक ठरलेला पगार येतो, म्हणूनच म्हाताऱ्या बापाला सहा महिने वाळणाऱ्या भोपळ्याची वाट पाहता येते.

दिवस दुसरा : सांगली आणि हरिपूर

सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिले. नव्या हळदीची आवक नुकतीच सुरू झाली होती. खरेदीदार पोत्यातून हळकुंड उचलतो, दोन बोटांत धरून मोडतो आणि आतला रंग पाहतो. बोली त्या मोडलेल्या तोंडावर लागते. सांगलीच्या हळदीला 2018 साली मानांकन मिळाले असले, तरी या पेठेत येणारा बराच माल मराठवाड्यातून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून येतो. पिकाची जागा सरकत गेली, पण अडते, तोलाईदार, हमाल, निवडणाऱ्या बायका, पॉलिश करणारे आणि दळणारे असे सगळे जाणते हात येथे असल्याने पेठ सांगलीतच राहिली. मात्र हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीलाही आता मानांकन आहे, आणि पिकाजवळच बाजार उभा राहिला तर इथल्या हातांचे काय, ही चिंता एका तोलाईदाराने मला न विचारता बोलून दाखवली.

दुपारी हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवण्याची पेवे होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा रांजणासारखा खड्डा. इथली माती चिकट असल्यामुळे त्यात पाणी पाझरत नसे, आणि तोंड बंद केले की आत हवा नसल्याने कीडही लागत नसे. हळद वर्षानुवर्षे टिके आणि रंग खुलत जाई. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण त्या कोंडलेल्या जागेत जीव गुदमरून माणूस दगावण्याचे भय होते. काही तास तोंड उघडे ठेवायचे, मग दिवा सोडून पाहायचा, दिवा जळत राहिला तर माणूस उतरायचा. "पेव फुटणे" हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो, पण त्यातले पेव मी डोळ्यांनी पाहिले ते येथेच.

2005 च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि साठवलेली हळद वाया गेली. त्यानंतर व्यापारी शीतगृहांकडे वळले. पुढे 2019 आणि 2021 चे पूर आले, त्यामुळे पेवांकडे परतण्याचा प्रश्नच उरला नाही. तरुणपणी पेवात उतरणारे एक गृहस्थ देवळाच्या कट्ट्यावर भेटले. ते म्हणाले, "उतरणाऱ्याला दर जास्ती मिळायचा. जिवाचं काम होतं न्हवं. ते गेलं, मग पोती उचलायला यार्डात गेलो." यार्डात त्यांना हमालीबरोबर भविष्य निर्वाह निधीही मिळाला, कारण 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीवर लेव्ही लावून ती मंडळाकडे जमा करण्याची सोय केली होती. पेवातून वर आलेल्या माणसाला उभे राहायला पायाखाली काहीतरी होते. सगळ्यांना ते मिळत नाही, हे दुसऱ्याच दिवशी दिसले.

दिवस तिसरा : इचलकरंजी

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला हात दिला. हातमागावर लुगडी विणणाऱ्या गावाचे पुढे महाराष्ट्राचे मँचेस्टर झाले. आज एसटीतून उतरल्यावर गाव दिसण्याआधी ऐकू येते. घराच्या खालच्या मजल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, गल्लीच्या टोकाला चार, आठ, बारा माग खडखडत असतात. त्यांच्यात मिसळून आता बिनधोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा नसलेल्या, मोठ्या यंत्रांचा एकसुरी आवाजही येतो.

माझ्या एका मित्राच्या ओळखीने आठ साध्या मागांच्या कारखान्यात गेलो. मालक स्वतःला "खर्चीवाला" म्हणवतात. खर्चीवाला म्हणजे जो स्वतः सूत घेत नाही आणि कापडही विकत नाही. व्यापाऱ्याकडून बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे मोठे रूळ, येतात, तो विणून देतो आणि मजुरी घेतो. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती आहेत त्यांना पिक म्हणतात, आणि मजुरी ठरते ती दर पिकामागे मीटरला काही पैसे या हिशेबाने. पैसे हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. वीज, कामगाराचा पगार, तेलपाणी, सुटे भाग, शेडचे भाडे हे सगळे त्यातूनच भागवायचे. सुताचा दर पडला तर नुकसान व्यापाऱ्याचे, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात दर पडला की व्यापारी बीम पाठवणे थांबवतो आणि माग उभे राहतात. वीज वापरली नाही तरी बिलातला स्थिर आकार चुकत नाही.

मागाशेजारी भिंतीला टेकून एक मावशी कांड्या भरत होत्या. धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळणे हे काम यंत्रावर होते, पण कांडी लावणे, धागा तुटला की जोडणे आणि भरलेली काढून टोपलीत टाकणे हे हातानेच. त्यांची नजर एकाच वेळी सहा कांड्यांवर होती. उजव्या हाताच्या तर्जनीला सुताने कापून कापून बारीक रेघा पडल्या होत्या आणि त्यांवर त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती. "ती नवीन यंत्रं आली तिकडं कांडीच लागत न्हाई," त्या म्हणाल्या. बिनधोट्याच्या मागाला धोटा नाही, म्हणून कांडी नाही, म्हणून कांडीवाली नाही. वहिफणी करणारे, म्हणजे बीमाचे हजारो धागे एकेक करून मागाच्या वहीतून व फणीतून ओवणारे कामगार, तसेच घडी घालणारे कामगार, माग दुरुस्त करणारे जॉबर, हे सगळे याच साखळीत आहेत. नवा माग एकट्या मालकाचा निर्णय असतो, पण त्याचा धक्का पाच-सहा घरांना बसतो. मी नव्या यंत्रांच्या विरोधात नाही. निर्यातीच्या दर्जाचे कापड त्यांच्यावरच निघते आणि ते निघाले नसते तर गाव कदाचित याआधीच बसले असते. परंतु माग भंगारात किलोवर विकताना मालकाच्या हाती निदान लोखंडाची किंमत येते. मावशींच्या हाती त्यातले काहीच येत नाही, आणि माथाडी मंडळासारखा आधारही त्यांना नाही.

दुपारी जेवलो ती खानावळ मला या गावाविषयी सर्वांत अधिक सांगून गेली. चालवणाऱ्या ताई मूळ कोष्टी घरातल्या. घरचे चार माग विकल्यावर त्यांनी शेडमध्येच चुली मांडल्या. पूर्वी विणकर बहुतेक सोलापूरकडचे आणि सीमाभागातले असत, त्यांना भाकरी आणि झुणका पुरे. आता उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातले कामगार मोठ्या संख्येने आहेत. ताईंनी भात जास्त लावायला सुरुवात केली, मोहरीचे तेल आणले आणि चोख्याची कृती एका बिहारी मुलाकडून शिकून घेतली. महिन्याचा डबा, पगार झाल्यावर पैसे, वहीत नावापुढे रेघ. मी विचारले, "आणि कुणी पैसे न देता गावी गेला तर?" त्या म्हणाल्या, "जातात की. पण त्याच्या गावचा दुसरा असतो इथं. तो भरतो. नाहीतर त्याला कोण वाढणार?" माग गेले, तरी उधारीवर माणसे जोडण्याची माग चालवण्यातली रीत त्यांनी चुलीपाशी आणली.

दिवस चौथा : हुपरी

हुपरीत चांदीचे पैंजण घडतात. प्रत्येक गल्लीत आटणी, तार ओढणे, कड्या जोडणे, डाग देऊन सांधणे, घुंगरू बसवणे आणि पॉलिश यांपैकी काही ना काही चालू असते, आणि एकाच पैंजणजोडीला सात-आठ घरांचे हात लागतात. येथील धडी उत्पादक, म्हणजे घरोघरी माल घडवून घेणारे व्यावसायिक, तयार माल घेऊन राजस्थानापासून दक्षिणेपर्यंतच्या सराफांकडे स्वतः फिरतात.

मुख्य अडचण भावाची आहे. चांदी 2025 साली किलोला एक लाख रुपयांच्या वर गेली आणि वर्षअखेरीपर्यंत चढत राहिली. बाहेरच्या माणसाला वाटेल की चांदीवाल्यांची चांदी झाली, पण मजुरी ठरते ती किलोवर. भाव दुप्पट झाला की तेवढ्याच भांडवलात निम्मी चांदी येते, निम्मे पैंजण होतात आणि मजुरी निम्मी होते. गिऱ्हाईकही हलके वजन मागते. एका घरात सासू-सुना ओसरीवर बसून कड्या भरत होत्या. पूर्वी ज्या नगाला त्या जेवढा वेळ देत, त्यापेक्षा हलक्या नगाला अधिक वेळ लागतो, कारण तार बारीक झाली, पण कड्यांची संख्या तेवढीच राहिली. सुनेने चिमट्यात धरलेली कडी मला दाखवली, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिल्याशिवाय तिचे तोंड कुठे मिटले आहे हे मला ओळखता आले नाही. वजनावरची मजुरी सोडून नगावर मजुरी द्यावी अशी मागणी या बायका आता करू लागल्या आहेत. ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

संध्याकाळी कोल्हापूरच्या रस्त्यावर एका गुऱ्हाळावर थांबलो. चुलवाणावर काहील उकळत होती आणि गुळव्या फक्त बुडबुड्यांकडे पाहून ती कधी उतरवायची ते सांगत होता. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, 2014 साली गुळाला मानांकन मिळाले, पण साखर कारखान्यांनी ऊस ओढला आणि गुऱ्हाळे कमी होत गेली. या गुऱ्हाळाच्या मालकांनी एक-एक किलोच्या ढेपा आणि काकवीच्या बाटल्या रस्त्याकडेला मांडल्या होत्या. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, आता फारशी कुणी मागत नाही, असे ते म्हणाले.

दिवस पाचवा : कोल्हापूर, आणि परत मिरज

कोल्हापुरी चपलेविषयी 2025 पासून फार लिहिले गेले. प्राडा या इटालियन कंपनीने जून 2025 मध्ये मिलान येथे कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तिचे मूळ सांगितले नाही, आणि येथे संताप उसळल्यावर त्यांनी ते मान्य केले. या चपलेला 2019 साली मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. मिलानचे नाव निघाल्यावर चप्पल लाइनमध्ये गर्दी वाढली, हे खरे आहे. पण सुभाषनगरातल्या ज्या घरी मी गेलो, तेथे बोलणे कातड्यावरून सुरू झाले आणि कातड्यावरच संपले.

पूर्वी म्हशीचे आणि बैलाचे कातडे येथेच कमावले जाई. कातड्याची पिशवी शिवून तीत हिरड्याचे आणि बाभळीच्या सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवत. ते पाणी कातड्यात मुरे आणि चप्पल वर्षानुवर्षे पायाला धरून राही. कमावणारी माणसे कमी झाली, कामाला हलके लेखणाऱ्या समाजात पुढच्या पिढीने ते नाकारले, आणि त्या नाकारण्याला मी दोष देणार नाही. 2015 च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर कातड्याची टंचाई आणखी वाढली. आता बरेच कातडे तमिळनाडूतून येते. ढोर आणि चांभार या दोन समाजांमधला कातड्याचा जुना व्यवहार त्याबरोबर तुटत चालला आहे. सतारीला जसा भोपळेवाला, तसा चपलेला कमावणारा, आणि मानांकनाच्या दाखल्यात दोघांचेही नाव नसते.

घरातल्या काकू चपलेची वेणी घालत होत्या. कातड्याच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या ओल्या फडक्यात ठेवलेल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेले, आणि बोटे न पाहता चाललेली. काका रापीने तळ कापत होते. खिळा कुठेच नाही, सगळी शिवण कातड्याच्या वादीने. चप्पल दुकानात किती रुपयांना विकली जाते हे काकूंना ठाऊक होते, पण वेणीचे त्यांना त्यातले किती मिळतात हे त्यांनी मला सांगितले तेव्हा काका खाली मान घालून तळ कापत राहिले. मुलगी बी.कॉम. झाली आहे. तिने फोनवर फोटो टाकून थेट मापाच्या मागण्या घेण्यास सुरुवात केली आणि अशा प्रत्येक जोडीमागे आईचे वेणीचे पैसे वहीत वेगळे मांडले. "आधी ते कुणी मांडतच नव्हतं," ती म्हणाली. गेल्या पाच दिवसांत पाहिलेल्या सगळ्या बदलांपैकी ही वहीतली एक रेघ मला सर्वांत मोलाची वाटली.

मीही माप दिले. कागदावर पाय ठेवून काकांनी पेन्सिल फिरवली, डाव्या पायाचा अंगठा किंचित वळलेला आहे हे त्यांनी कागदावर खूण करून ठेवले आणि कागद खिळ्याला टोचला. पंधरा दिवसांनी जोड कुरिअरने येईल.

सायंकाळी मिरजेला पोहोचलो तेव्हा तंबोरा भिंतीशी उभा होता. चीर बोटाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. चाचांनी तारा लावल्या, घोडीवर कानस फिरवली, जव, म्हणजे तारेखालचा बारीक धागा, सरकवला, ऐकले, पुन्हा कानस फिरवली. असे कितीतरी वेळा केल्यावर चौथ्या तारेतून तो गुंजारव उठला, आणि शेजारच्या दुकानातला मुलगा काम थांबवून दारात आला. चाचा त्याच्याकडे पाहून म्हणाले, "ये, तू धर." मुलाने जव पकडला आणि तो केसभर मागे घेतला. चाचांनी मान हलवली, तेव्हा त्याने केसभर पुढे घेतला.

पैसे देताना त्यांनी माझे नाव वहीत लिहून घेतले आणि नावापुढे ज्येष्ठ महिना असे लिहिले. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजारव, नीट बसायला तेवढे महिने लागतात, पाऊस पडायच्या आत तंबोरा एकदा घेऊन या, म्हणाले.